बाळाची वाढ आणि पहिले वर्ष

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेत केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला ‘मुलांचे आरोग्य’ असा विषय दिला होता. विषय एवढा मोठा की अर्ध्या तासात त्यावर बोलावयाचे म्हणजे ‘दूध प्या, नखे कापा’ याच्या पुढे जाणे होत नाही. म्हणून त्यांच्या परवानगीने मी एकच आजार निवडला आहे. शरीराची वाढ घडवून आणणारे संप्रेरक, ज्याला आपण ग्रोथ हार्मोन म्हणतो, ते जन्मापासूनच कमी असणे, हा तो आजार. तसा तो विरळा आहे. साधारणपणे चार ते दहा हजार मुलांत एक असे त्याचे प्रमाण सांगतात. तरीही तो निवडला, कारण ह्यावर इलाज आहे, इलाज चांगला आहे, आणि तो वेळेवर मिळावा की नाही हे पुष्कळदा डॉक्टरपेक्षा घरातल्या माणसांच्या नजरेवर ठरते.

शाळेच्या व्यासपीठावरून तान्ह्या बाळांची चर्चा कशाला, असे काहींना वाटले असेल. त्याचे उत्तर शिक्षकांनाच ठाऊक आहे. प्रार्थनेच्या रांगेत कायम सर्वांत पुढे उभे राहणारे मूल त्यांनी पाहिलेले असते. वय सात, पण अंगकाठी चार वर्षांच्या मुलाची. आवाज बारीक, चेहरा गोल, बाहुलीसारखा, कपाळ किंचित पुढे आलेले, दात उशिरा आलेले. अभ्यासात मात्र बहुधा इतरांइतकेच हुशार. अशा मुलाला शिक्षक डॉक्टरांकडे पाठवितात ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या मुलाचा आजार सातव्या वर्षी सुरू झालेला नसतो. जन्मतःच कमतरता असलेल्या पुष्कळ मुलांत त्याच्या खुणा पहिल्या आठवड्यात दिसून गेलेल्या असतात. इतरांत पहिल्या दोन वर्षांत. मधली पाच वर्षे वाया गेलेली असतात आणि क्वचित उंचीपेक्षाही मोलाचे असे काही त्यांबरोबर गेलेले असते. ते काय, हेच आज सांगावयाचे आहे.

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका लहानशा खोबणीत, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका किंवा पिट्युटरी म्हणतात. आकार वाटाण्याचा, पण कारभार तालुक्याच्या कचेरीसारखा. ग्रोथ हार्मोन ती स्वतः बनविते. शिवाय गळ्यातील थायरॉइड, मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल आणि जननग्रंथी यांना काम करण्याचे हुकूम तिच्याकडूनच जातात. त्यामुळे ही ग्रंथी अपुरी घडली असेल तर कधी एकट्या ग्रोथ हार्मोनची उणीव पडते, कधी दोन-तीन संप्रेरकांची एकदम. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आता पहिली फसगत कोठे होते ते पाहा. आईच्या पोटात असताना बाळाची वाढ ह्या संप्रेरकावर फारशी अवलंबून नसते. आईकडून मिळणारे पोषण, वार आणि इन्शुलिनसारखी दुसरी संप्रेरके ते काम करतात. त्यामुळे असे बाळ जन्मते तेव्हा त्याची लांबी जवळजवळ इतरांइतकीच, ५० सेंटिमीटरच्या आसपास, भरते. वजनही ठीक असते. सुईणीपासून आजीपर्यंत सर्वांना बाळ छान वाटते. ‘लहान मूल म्हणजे आजार’ एवढेच ज्याच्या डोक्यात आहे त्याला येथे काहीच सापडणार नाही.

सापडते ते दुसरीकडे. ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरके उपाशीपणी रक्तातील साखर सावरून धरण्याचे काम करतात. ज्या बाळात ही दोन्ही कमी, त्याची साखर दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात झपाट्याने खाली येते. बाळ गळून जाते, अंगावर प्यायला नको म्हणते, थरथरते, घाम येतो, निळसर पडते, कधी झटका येतो. साखर पाजली, सलाईन लावले की सुधारते. पुन्हा काही तासांनी तेच. नवजात बाळाची साखर पहिल्या दिवशी थोडी कमी होणे सर्वसाधारण आहे. परंतु ती पुन्हा पुन्हा, ५० मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर ‘दूध कमी पडत असेल’ एवढ्यावर समाधान मानू नये. कारण मेंदूला साखरेवाचून चालत नाही. उंची उशिरा का होईना थोडीफार भरून काढता येते. साखरेअभावी मेंदूला झालेली इजा भरून निघत नाही. चार वर्षांचे एक मूल मी पाहिले आहे. त्याला पहाटे झटके येत, अपस्माराचे औषध दोन वर्षे चालू होते, आणि पहाटेच्या त्या वेळी साखर मात्र एकदाही तपासलेली नव्हती. त्याच्या झटक्यांचे मूळ ह्याच ग्रंथीत निघाले. योग्य औषध सुरू झाल्यावर झटके थांबले, पण शब्द त्याला अजून सापडत नव्हते.

दुसरी खूण कावीळ. नवजात बाळाला कावीळ होते आणि आठ-दहा दिवसांत उतरते हे प्रत्येक आईला माहीत असते. ती दोन आठवड्यांच्या पुढे रेंगाळली, लंगोटाला लघवीचे पिवळे डाग पडू लागले, शौच पांढुरके होऊ लागले, तर कोवळ्या उन्हात धरीत बसण्याची ती वेळ नव्हे. यकृताच्या नळ्यांचे काही गंभीर आजार असेच दिसतात आणि त्यांनाही उशीर चालत नाही. पिट्युटरीच्या उणिवेमुळे झालेली कावीळ असेल तर ती योग्य संप्रेरके दिल्यावर ओसरते.

तिसऱ्या खुणेबद्दल बोलताना सभेत थोडी चुळबूळ होईल, होऊ द्या. मुलग्याचे लिंग फारच लहान असणे ही पिट्युटरीच्या आजाराची एक महत्त्वाची खूण आहे. पूर्ण दिवसांच्या बाळात ते हलके ताणून मोजल्यावर अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी भरले तर तपासणी हवी. कधी अंडही खाली उतरलेले नसतात. पुष्कळ गुटगुटीत बाळांत ते नुसते चरबीत दडलेले असते, म्हणून घरी मोजून घाबरून जाऊ नये, पण दाखवावे. आमच्या बायका हे पाहतात आणि लाजेने कोणाला सांगत नाहीत, नवऱ्यालाही नाही. आपल्या समाजात ही गोष्ट पहिल्याने उघडी पडते ती बहुधा सुंतेच्या वेळी. तेव्हा माझी विनंती अशी की, लिंग लहान वाटले, अंड हाताला लागले नाहीत, किंवा लघवीचे छिद्र टोकावर नसून खाली असले, तर सुंता पुढे ढकलावी आणि आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. छिद्र खाली असलेल्या बाळात पुढील शस्त्रक्रियेला तीच कातडी उपयोगी पडते. आणि कॉर्टिसॉल कमी असलेल्या बाळावर, त्याला त्या दिवशी जादा औषध दिल्याशिवाय, सुंतेसारखी लहान शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते.

याखेरीज टाळू फाटलेली असणे, डोळे स्थिर न राहता सारखे हलणे, दृष्टी नीट नसणे, ह्या शरीराच्या मध्यरेषेतील उणिवा असतील तर डॉक्टरांनी ग्रंथीचा विचार करावयास हवा. येथे आणखी एक गोष्ट. हल्ली पुष्कळ रुग्णालयांत बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी करतात. फार चांगला उपक्रम आहे. पण ती तपासणी बहुतेक ठिकाणी टी.एस.एच. नावाचे संप्रेरक वाढले आहे का एवढेच पाहते, आणि ते संप्रेरक पिट्युटरीच बनविते. ग्रंथीच अपुरी असेल तर ते वाढणार कोठून? म्हणून ‘टाचेची तपासणी नॉर्मल आली’ ह्या कागदावर विसंबून वरील खुणा बाजूला सारू नयेत.

निदान कसे करतात ते थोडक्यात सांगतो. मोठ्या मुलात ग्रंथीला औषधाने डिवचून दर अर्ध्या तासाने रक्त घेतात. पहिल्या आठवड्यात त्याची जरुरी नेहमीच नसते. ह्या दिवसांत निरोगी बाळाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन मुळातच भरपूर असते. साखर खाली गेलेली असतानाही ते पाच नॅनोग्रॅमच्या वर जात नसेल आणि सोबत दुसऱ्या एखाद्या संप्रेरकाची उणीव किंवा एम.आर.आय. चित्रात ग्रंथीची विशिष्ट विकृती असेल, तर निदान पक्के मानतात. मुद्दा एवढाच की साखर खाली असते त्याच क्षणी, साखर देण्याआधी किंवा देता देता, रक्ताची एक नळी भरून ठेवावयास हवी. तो क्षण गेला की पुरावा गेला. शस्त्रक्रियागृहातील आणि नवजात विभागातील परिचारिका भगिनींनी हे लक्षात ठेवले तर एका नळीने एका मुलाचे आयुष्य बदलू शकते.

इलाजात क्रमाला महत्त्व आहे. कॉर्टिसॉल कमी असेल तर ते प्रथम, हायड्रोकॉर्टिसोनच्या रूपाने. थायरॉइडचे औषध त्यानंतर. हा क्रम उलटला तर बाळ एकाएकी ढासळू शकते. कॉर्टिसॉल देऊनही साखर टिकत नसेल तर ग्रोथ हार्मोनची सुई नवजात वयातच सुरू करतात. अशा वेळी उंचीचा प्रश्न दुय्यम असतो, साखरेचा पहिला. घरी आल्यावर आईबापांनी दोन गोष्टी पाळावयाच्या: बाळाला फार वेळ उपाशी ठेवावयाचे नाही, मग लग्नघर असो की एस.टी.चा प्रवास, आणि ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट करावयाची. उलट्या होऊन औषध पोटात राहत नसेल तर थेट रुग्णालय गाठावयाचे. तो सल्ल्याचा कागद कपाटात न ठेवता आईच्या पर्समध्ये असावा.

आता दुसऱ्या प्रकारच्या बाळाकडे वळू. ह्याची फक्त ग्रोथ हार्मोनची उणीव असते. साखर ठीक, कावीळ नाही, सर्व काही शांत. आपल्या भागाशी ह्याचा जवळचा संबंध आहे. ग्रोथ हार्मोन सोडण्याचा हुकूम घेणारा एक ग्राहक ग्रंथीच्या पेशींवर असतो. त्याच्या जनुकातील दोषामुळे वाढ खुंटते हे माणसात पहिल्याने १९९६ साली दाखविले गेले ते एका भारतीय मुस्लिम कुटुंबातील मुलांवरून, आणि शास्त्रीय लिखाणात त्या आजाराला मुंबईचे नाव चिकटले. पुढे १९९८ साली सिंधमधील एका मोठ्या कुळात तोच दोष आढळला. तेथील बाधित प्रौढ पुरुषांची उंची सुमारे १३० सेंटिमीटर होती. अंगाचा बांधा प्रमाणशीर, बुद्धी चांगली, फक्त उंची राहून गेलेली. दोन ठिकाणी नेमका एकच दोष सापडणे ह्याचा अर्थ कोणा एका जुन्या पूर्वजाकडून तो खाली आला असावा असा लावतात.

हा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन वाटे एकत्र आले तरच आजार होतो. एकच वाटा असलेला माणूस निरोगी असतो. त्याला पत्ताही नसतो. चुलत, मावस, आत्ते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात, म्हणून अशा विवाहांत दोन्ही वाटे एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे केवळ आपल्यातच चालते असेही नाही. दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल अनेक हिंदू समाजांत आहे. मी येथे कोणाची सोयरीक मोडावयास आलो नाही. मात्र घराण्यात अशी ठेंगणी माणसे असतील तर लग्नापूर्वी किंवा निदान पहिल्या गरोदरपणात ती हकिकत डॉक्टरांना सांगावी, झाकू नये. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक असा धोका असतो. ‘एकाला झाले, आता पुढच्या तिघांना भीती नाही’ असा हिशेब करू नये. फासा दर वेळी नव्याने पडतो. आणि ग्रहण पाहिल्याचा किंवा काही खाल्ल्याचा ठपका सुनेवर ठेवणे तर सोडूनच द्यावे. दोष असेल तर निम्मा मुलाच्या बाजूचा आहे.

असे शांत बाळ ओळखावयाचे कसे? मोजून. दुसरा उपाय नाही. निरोगी बाळ पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १२च्या आसपास, पुढे वेग उतरत जाऊन शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा. आमच्याकडे वजन सर्वजण करतात, लांबी कोणी मोजत नाही. आणि येथेच आजीची फसगत होते. कुपोषित मूल आधी वाळते, मग खुरटते. ह्या आजारातील मूल वाळत नाही; उंचीच्या मानाने ते गुबगुबीतच दिसते, पोटावर चरबी असते. ‘बाळसे चांगले धरले आहे’ म्हणून सर्वांचा आनंद, आणि पट्टी लावावी तर वर्षाच्या शेवटी लांबी ६५ सेंटिमीटरसुद्धा नाही. अंगणवाड्यांतून आता बाळाला आडवे ठेवून लांबी मोजण्याची फळी आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे वाढीचे तक्तेही आहेत. दर तीन महिन्यांनी तक्त्यावर एक ठिपका काढून घ्यावा. ठिपक्यांची रेघ खालच्या खालच्या पट्ट्यात उतरू लागली की थांबू नये. थोड्या मोठ्या मुलासाठी घरगुती खूण सांगतो: गेल्या ईदेला शिवलेला पायजमा ह्या ईदेला तसाच घोट्यापर्यंत येत असेल, तर कापड टिकाऊ निघाले म्हणून खूश होण्याऐवजी मूल भिंतीला उभे करून मोजावे.

औषधाचा इतिहास दोन शब्दांत सांगितला पाहिजे, कारण जुनी माणसे ‘ती मेलेल्या माणसाची सुई’ म्हणून अजून घाबरवितात. एकेकाळी ते खरेही होते. १९५८ साली अमेरिकेत मॉरिस राबेन यांनी मृतांच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढलेल्या ग्रोथ हार्मोनने एका १७ वर्षांच्या मुलाची उंची वाढविली. गाय-डुकराचे इन्शुलिन माणसाला चालते, तसे जनावरांचे ग्रोथ हार्मोन चालत नाही, म्हणून हा मार्ग. पुढे हे औषध घेतलेल्या काही तरुणांना मेंदूचा एक असाध्य रोग झाला, तो दूषित ग्रंथींतून आला होता, आणि १९८५ साली अमेरिकेत, ब्रिटनमध्ये ते वाटप बंद झाले. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या ग्रोथ हार्मोनला मान्यता मिळाली. आज मिळते ते सर्व असेच बनविलेले. त्यात मृताचा अंश नाही.

सुई रोज रात्री, कातडीखाली, इन्शुलिनसारख्या बारीक टोकाने देतात. रात्री, कारण निसर्गही हे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत सोडतो. जागा बदलत राहावी. आठवड्यातून एकदा देण्याच्या सुया आता निघाल्या आहेत. पण अमेरिकेत त्यांना मिळालेली मान्यता वर्षावरच्या मुलांसाठी आहे, तान्ह्या बाळाला रोजचीच. औषध फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठले की निकामी. औषध चालू असताना दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवी, कारण त्याने लपलेली थायरॉइडची किंवा कॉर्टिसॉलची उणीव उघडी पडू शकते. डोके फार दुखणे, उलट्या, लंगडणे ह्या तक्रारी त्याच दिवशी कळवाव्यात. आणि निरोगी पण मुळात ठेंगण्या आईबापांच्या मुलासाठी हे औषध नव्हे. वर्तमानपत्रांतील उंची वाढविण्याच्या भुकटीसाठी तर कोणीच एक रुपया घालवू नये.

खर्च मोठा आहे, हे लपवून उपयोग नाही. पण त्याचा एक हिशेब मांडतो. मात्रा वजनावर ठरते. आठ किलोच्या बाळाला लागते त्याच्या जवळजवळ चौपट औषध तीस किलोच्या मुलाला लागते. म्हणजे ‘थोडा मोठा होऊ द्या, मग पाहू’ म्हणणारा बाप पैसे वाचवीत नसतो. स्वस्त वर्षे घालवून महाग वर्षे पदरात घेत असतो. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या दुर्मिळ आजार धोरणात, सिद्ध झालेल्या ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेवरील उपचाराचा समावेश आहे. अर्ज नेमलेल्या केंद्रांतून जातो, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे त्यांपैकी एक. संस्थेच्या कार्यालयाने असे अर्ज भरून देण्यास एखादा लिपिक नेमला तर शिष्यवृत्तीइतकेच ते काम होईल, असे मी चिटणीससाहेबांना सुचवितो.

चिठ्ठीवर एका भगिनीने विचारले आहे: मुलगी आहे, थोडी बुटकी राहिली तर काय बिघडले, रोज सुया कशाला? बाई, बुटकी म्हणजे किती ते आधी पाहा. इलाजावाचून काही मुली चार फुटांच्याही आत राहतात. त्यांना बसची पायरी, स्वयंपाकाचा ओटा, नोकरीतील टेबल हे सर्व उंच पडते, आणि बाळंतपणाला लहान कमरेचा त्रास होतो. मुलग्यासाठी जी सुई तुम्ही घेतली असती तीच मुलीसाठी घ्या. मात्रेत मुलगा-मुलगी असा भेद नाही.

दुसऱ्या चिठ्ठीत लिहिले आहे की, पहिल्या मुलाला हा आजार आहे आणि आता घरात दुसरे बाळ येणार आहे. त्यांनी बाळंतपण बालरोगतज्ज्ञ आणि नवजात विभाग असलेल्या रुग्णालयात ठरवावे. पहिल्या मुलाचे सर्व कागद सातव्या महिन्यातच तेथे दाखवून ठेवावेत. जन्मल्यावर तासाच्या आत पाजावे, पहिले दोन-तीन दिवस साखर ठरावीक वेळेने तपासून घ्यावी, कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची तपासणी न विसरता मागावी, आणि ती हातात आल्याशिवाय घरी जाण्याची घाई करू नये. त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. चिठ्ठी कोणाची आहे हे येथे विचारणार नाही.